डेनीसच्या सणाला शाल-नारळ

शाल एक, बारा युरो. नारळ दोन, तीन युरो ऐंशी, त्यातला एक नासका. हार अख्ख्या एर्लांगेनमध्ये मिळाला नाही.

मैत्रिणींनो, हे आपल्या मराठी मंडळाने डेनीससाठी मागवलं. माझ्या वरच्या मजल्यावरची ही कृष्णवर्णीय अमेरिकन शेजारीण. तिचे पूर्वज गुलामीतून सुटले, त्या आठवणीचा जूनटीन्थ सण उद्या तिच्या घरी आहे. तिथे तिचा सत्कार करायचा ही मंडळातल्या सुमनताईंची कल्पना, आणि हो म्हणून बसले मी.

आज जिन्यात तिला सांगितलं. ती हसली, मग इथल्या जर्मनांसारखी सुरुवात करत म्हणाली, "आल्झो, म्हणजे बरं का, सत्कार नको गं. आम्ही पूर्वजांची नावं घेतो, रडतो, जेवतो. मी मात्र दरवर्षी स्वयंपाकघरातच अडकते. तू नुसती ये."

"येतेच," म्हटलं.

लगेच सुमनताईंना फोन करून सत्कार नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "आता माघार? अहो, माझं भाषण पाठ झालंय!"

दोघींना शब्द देऊन अडकले आहे. देवापुढे बसले तरी एकच विचार येतो. आपण पितरांना पान वाढताना कुणी शाल घेऊन आलं, तर?

उद्या तिने बसावं, भांडी आपण घासावीत. शाल नाही, फोटो नाही. कोण येतंय? सुमनताई, रागावलात तरी आजच उलट मेलने कळवा.