उपवास करून या

पत्रक मीच लिहिलं होतं. चाकणच्या कंपन्यांत राबणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल फुकट तपासायला आमच्या गटानं रविवारी शिबिर ठेवलं होतं. 'हृदयविकार हा श्रीमंतांचा आजार नाही. सकाळी उपवास करून या.' गेटवर उभं राहून प्रत्येकाच्या हातात दिलं.

वडील पन्नाशीच्या आत छातीत कळ येऊन गेले. त्यामुळे खरं सांगायचं तर हा खटाटोप थोरल्या भावासाठी होता. तो पहिलाच आला.

रक्त घेणाऱ्या ताईंनी विचारलं, "दादा, काही खाल्लंय?"

"न्हाई, उपास हाय. नुसती साबुदाण्याची खिचडी."

रांगेत कुणी हसलं नाही. निम्मे जण खिचडीच खाऊन आले होते. एकानं वर बटाट्याचे वेफर्स. चूक त्यांची नव्हती, माझ्या शब्दाची होती.

"उपाशीपोटी हवं होतं," ताई म्हणाल्या. "उद्या या."

"उद्या फर्स्ट शिफ्ट. साडेपाचला बस."

"सुट्टी काढ ना," मी म्हणाले.

"काढतो. मग ठेकेदार विचारणार, काय झालंय? आजारी माणसाचा करार पुढं चालू ठेवत न्हाईत, पुढारीणबाई."

"हे बेकायदेशीर आहे, दादा. निवेदन देऊ."

"दे की. माझं नाव तेवढं घालू नको."

पुढच्या रविवारी मी त्याला चहासुद्धा न देता प्रयोगशाळेत नेलं. कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, तेलकट कमी, रोज चालणं, आणि रात्री जेवल्यावर गोळी, मनानं बंद करायची नाही. भाऊ मान डोलवत राहिला. कँटीनच्या भाजीवर बोटभर तवंग असतो आणि हायवेच्या कडेनं चालावं तर ट्रेलर अंगावर येतात, हे त्यानं त्यांना सांगितलं नाही. कुणाला सांगून काय होणार होतं?

त्या आठवड्यात त्याची पाळी बदलून सेकंड शिफ्ट आली; तेव्हा त्याचं रात्रीचं जेवण कंपनीतच असतं. पहिल्या दिवशी निघताना त्यानं गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापली आणि एक तुकडा बडीशेपेच्या डबीत, बडीशेपेखाली दडवला.

"दिसतंय का गं?"

गेटवर घसा फोडून 'आजार लपवू नका' म्हणणारी मी. मी डबी हातात घेतली, हलवून पाहिली.

"वाजतंय," मी म्हणाले, आणि वर आणखी चिमूटभर बडीशेप घातली.