अक्कांची झोप

"निजा, मी इथेच आहे." पेशंटच्या कपाळावर दोन बोटं टेकवून अक्का हे तमिळमध्ये सांगायच्या. माझ्याशी मात्र त्यांचं तंजावरचं जुनं मराठी. "तुझं साताऱ्याचं मराठी फार कोरडं," असं म्हणायच्या आणि स्वतः निम्मं वाक्य तमिळमध्ये संपवायच्या.

पेरुंगुडीच्या एका हॉस्पिटलात त्या सिस्टर होत्या, मी नोंदणीच्या खिडकीवर. दोघी तिरुवल्लिकेणीला राहायचो, एकाच बसने जायचो.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांच्या वॉर्डात एक शाळामास्तर होते. झोपलो तर उठणार नाही, या भीतीने टक्क जागे राहायचे. अक्कांनी त्यांनाही नेहमीचंच सांगितलं. मास्तरांनी विश्वास ठेवून डोळे मिटले. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवर धावाधाव झाली, म्हणून अक्का तिकडे गेल्या. परत आल्या तेव्हा मास्तर गेले होते.

हे त्यांनी मला वर्षभराने सांगितलं. तोवर साथ ओसरली होती, वॉर्ड पूर्वीसारखा झाला होता. अक्कांची झोप मात्र परतली नव्हती. पाठ टेकली की छाती धडधडायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामात चूक नाही, बोलण्यात चिडचिड नाही, फक्त चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. पेशंटला गोळी देऊन त्या आता मुकाट्याने पुढे जायच्या.

आपल्याच हॉस्पिटलात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, एकदा दाखवा, असं मी सुचवलं.

"तिथल्या रांगेत माझेच पेशंट भेटतील गं," त्या म्हणाल्या. "सिस्टरलाच झोप नाही हे कळल्यावर ते कसे निजतील?"

एका दुपारी ड्युटी संपवून परतताना बसमध्ये त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. आमचा स्टॉप आला, गेला. मी उठवलं नाही. कंडक्टर काही बोलणार होता, त्यालाही खुणेनेच थांबवलं. शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद झालं, तशा त्या दचकून जाग्या झाल्या.

"कोण गेलं?"

"कुणी नाही, अक्का. आपण पुढे आलो, इतकंच."

त्यांनी एकेका रिकाम्या सीटवरून नजर फिरवली. मगच उतरल्या.

पुढच्या महिन्यात नोकरी सोडून त्या भावाकडे कुंभकोणमला गेल्या. मी मधूनमधून फोन करते. भर दुपार असो की पहाट, पहिल्याच रिंगला उचलतात.