सात पोरांचा लिनियर अल्जेब्रा

गणिताच्या मास्तरणीकडे कसले आलेत किस्से, असं आमच्या घरातल्यांना वाटतं. आता त्यांना काय सांगू! साडी झटकली की खडूची भुकटी पडावी तसे माझ्याकडून किस्से पडतात. त्यातही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा लिनियर अल्जेब्रा म्हणजे किस्स्यांचं कोठारच. तुमच्यापैकी कुणाची पोरं हा विषय घेणार असतील तर नीट ऐका. पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते आधीच कळलेलं बरं.

आमचं कॉलेज मेहकरला. त्या वर्षी वर्गात सात पोरं होती. आमचे प्राचार्य मूळचे मराठीचे, आणि वर्गाच्या दारात उभं राहून डोकी मोजायची त्यांना भारी सवय. सत्र सुरू होतानाच त्यांनी मला बोलावून सांगितलं, की एवढ्याशा पोरांसाठी विषय चालवायला संस्था तयार नाही. या पेपरचा निकाल पाहू, चांगला लागला तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी गणित बंद, पोरांनी तिसऱ्या वर्षाला बुलढाण्याला जावं.

मी दातओठ खात बाहेर आले. आमचा गोपाल साखरखेर्ड्याहून बसने यायचा. त्याला मेहकर गाठतानाच घाम फुटायचा, तिथं बुलढाणा कुठून गाठणार? विषय बंद म्हणजे त्याचं शिक्षणच बंद, हे मला स्वच्छ दिसत होतं.

* * *

पहिल्याच दिवशी मी वर्गाला बजावलं, की बाळांनो, या विषयात आकडे कमी आणि विचार जास्त. अकरावी-बारावीत जशी गणितं सोडवत सुटलात, तसं इथे चालणार नाही. इथे ‘काय’ लिहिलंत की ‘काऊन’, म्हणजे का, तेही लिहावं लागेल.

गोपाल मागच्या बाकावरून उठला. "मॅडम, आकडेच नाही त मंग गनित कायचं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्याला उचलून पुढच्या बाकावर बसवलं, वर्षभरासाठी.

* * *

पोरांची परीक्षेची पद्धत ठरलेली होती. गाइड आणायचं, सोडवलेली उदाहरणं घोकायची आणि जाऊन ओकायची. मी पहिल्या चाचणीत गाइडातलंच उदाहरण दिलं, फक्त एक्स, वाय, झेडच्या जागी पी, क्यू, आर लिहिलं. बाकी आकडा न् आकडा तोच!

गोपालने कोरा पेपर दिला. वर मलाच समजुतीच्या सुरात सांगितलं, "मॅडम, हे पोर्शनमधे नव्हतं."

* * *

मग चार मितींचा धडा आला. तीन मितींपर्यंत पोरं खुशीत होती. भिंतीचा कोपरा दाखवला की काम भागायचं. चौथी मिती कुठं दाखवू? वर्ग अडून बसला, की दिसत नाही तर मानायची कशी?

तेव्हा रुपाली मदतीला आली. तिच्या घरचा भाजीपाल्याचा मळा, आणि जीभ मळ्यातल्या मिरचीसारखी. ती गोपालकडे वळून म्हणाली, "तुही साखरखेर्ड्याची बस तरी कुठं दिसते रे? टाइमटेबलात आहे म्हनून मानतोच ना आपन?"

त्या दिवसापासून चौथ्या मितीबद्दल कुणी शंका काढली नाही.

* * *

ही बस मोठी खोडील. तास संपायच्या वेळीच सुटायची. त्यामुळे गोपाल शेवटची दहा मिनिटं अर्धा बाकावर आणि अर्धा दारात असायचा. मी कितीही रंगात आलेली असो, बसपुढे माझं काही चालायचं नाही.

एकदा मात्र बस त्याला सोडून गेली. मॅट्रिक्सच्या ओळींची वजाबाकी करत करत खाली शून्यं आणायची, असं एक गणित मी घरी करायला दिलं होतं. स्टँडवर गोपाल आणि रुपालीने वह्या जुळवल्या तर उत्तरं वेगळी. झालं! तू चुकली, तू चुकला असं म्हणत दोघांनी स्टँड डोक्यावर घेतलं, आणि बस समोरून निघून गेली तरी गोपालला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी दोघंही न्याय मागायला आले. मी वह्या पाहिल्या. म्हटलं, अरे, दोघंही बरोबर आहात. वाटा वेगळ्या घेतल्या की इथे खालची शून्यं तीच राहतात, पण वरचे आकडे वेगळे येऊ शकतात.

रुपाली हसायला लागली. गोपालचा चेहरा मात्र उतरला. "दोघंबी बरोबर? मंग माही बस काऊन गेली?"

* * *

सबस्पेस, म्हणजे वेक्टरांच्या मोठ्या घरातली एक खोली, ओळखायची तर सगळ्यात आधी त्यात शून्य वेक्टर आहे का ते पाहायचं. नसेल तर पुढे जायचंच नाही. हे गोपालला फार आवडलं. नारळ फोडल्याशिवाय घरात काही सुरू होत नाही, तसंच हे, असं त्याने सगळ्यांना समजावलं. मग काय, प्रत्येक उत्तराच्या आरंभी ‘शून्य आहे’ असं लिहून तो मोकळा.

पुढे आयगेनवेक्टर आले, म्हणजे मॅट्रिक्सने गुणलं तरी आपली रेषा न सोडणारे वेक्टर. तिथे शून्य वेक्टर धरत नाहीत, तोच एक वर्ज्य. गोपालने नेमका तोच उत्तर म्हणून लिहिला. मी लाल रेघ मारली तर तो दुखावला. "आधी त्यालेच मान द्या म्हनलं तुमी, अन् आता त्यालेच भाईर काढता?"

* * *

आणि हा बेसिसचा. बेसिस म्हणजे मोजकेच वेक्टर, ज्यांच्यापासून बाकीचे सगळे बनवता येतात. मी पाच वेक्टर दिले आणि जास्तीचे काढायला सांगितले. रुपालीने फटाफट काढले. गोपालने एकही काढला नाही. म्हणे, "आले आहेत त राहू द्या, मॅडम."

पाहुणचार संपवायला मला अख्खा तास लागला. जो बाकीच्यांपासून बनतो तोच काढायचा. जो बनत नाही, त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी पहिल्यांदा गोपालने वहीत माझं वाक्य न उतरवता स्वतःचं वाक्य लिहिलं. मी ते पाहिलं आणि मनातल्या मनात पेढे वाटले.

* * *

निकाल लागला. सातच्या सात पास! गोपालला रुपालीपेक्षा दोनच मार्क कमी. मला तर कॉलेजच्या गेटवर नाचावंसं वाटत होतं.

पुढच्या सत्रात एका दुपारी शेवटचा तास चालू असताना प्राचार्य दारात येऊन उभे राहिले. सवयीने डोकी मोजली. निकाल चांगला आहे म्हणाले, पण शेवटी सातच. संस्थेला काय सांगू, सात पोरांसाठी एवढा खटाटोप कशाला?

मी तोंड उघडणार, तोच गोपाल उठला. दप्तर खांद्यावरच होतं, बसची वेळ झालेली.

"सर, बेसिसमधे गर्दी नसते. जो बाकीच्यांपासून बनत नाही, त्याले काढता येत नाही. आमी सातही तसेच आहो."

प्राचार्य भुवया उंचावून म्हणाले, की हे बेसिस प्रकरण मला समजावून दाखव, मग पाहू. गोपालने खडू घेतला. पाच वेक्टर लिहिले, एकेक तपासत जास्तीचे काढायला सुरुवात केली, आणि प्रत्येक वेळी ‘काऊन’ तेही सांगितलं. प्राचार्य कधी पहिल्या बाकावर बसले ते त्यांनाही कळलं नसेल. चौथा वेक्टर तपासून झाला तसे ते म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी गणित राहील. संस्थेला मी सांगतो. याला आता सोडा, याची बस जाईल."

गोपालने दप्तर काढून बाकावर ठेवलं.

"जाऊ द्या बस, सर. अजून एक उरला आहे."