लिलाबाईने ओळखलेला पदर

लिलाबाई आसेगावची. नवरा गेला, दुसऱ्यांच्या शेतात निंदण-सोंगणी करून गुडघे गेले, तेव्हा मंगरूळपीरच्या वृद्धाश्रमात कामाला लागली. आंघोळी घालायच्या, भरवायचं, चादरी धुवायच्या. बसताना ‘माय वो’ म्हणते, उठतानाही.

माझ्या सासूबाई, प्रयागबाई, सहा महिन्यांपासून तिथेच आहेत. त्यांना विसरण्याचा आजार आहे. तीन वर्षं मी घरी केलं, मग अंगात त्राण उरलं नाही. देवासमोर हात जोडले की आधी हेच आठवतं.

सोमवारी आश्रम चालवणाऱ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. सासूबाई पंगतीत सगळ्यांसमोर मॅक्सी वर ओढतात, म्हणे. “असंच चाललं तर घरी न्या, नाहीतर खोलीत कडी लावून ठेवावं लागेल.”

बदलायला सोप्या म्हणून मॅक्स्या मीच दिल्या होत्या.

“कडी कायले लावता?” लिलाबाई म्हणाली. “मले पाहू तं द्या.”

पंगत बसली. समोर आश्रमातलेच बबनराव, मोठ्या पांढऱ्या मिशांचे. ताट आलं तशी सासूबाईंनी मॅक्सी धरली. वाढणाऱ्या बाया रोज त्यांचा हात झटकत होत्या. लिलाबाई नुसती पाहत राहिली. सासूबाई पाठीकडचं कापड मुठीत धरून डोक्याकडे ओढत होत्या. त्यात पाय उघडे पडत होते.

“अवो ताई, माय उघडी नाई होऊन राह्यली, डोक्यावर पदर घेऊन राह्यली! समोर मानूस बसला हाये, अन् तुमी तिले बिनापदराचं घातलं.”

पन्नास वर्षांत त्यांचा पदर ढळल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि मलाच हे सुचू नये!

लिलाबाईनं दोरीवरचं जुनं लुगडं आणून त्यांच्या खांद्याला दोन पिनांनी अडकवलं. सासूबाईंनी ते डोक्यावर घेतलं, कपाळापर्यंत ओढलं आणि भाकरीला हात घातला.

“आता तरी जेवतीन का वैनी?” बबनराव म्हणाले.

“तुमी खाली पाहून जेवा, बाबा. तुमच्या मिशाईचाच हा घोटाळा हाये.”

आश्रमाच्या बाई पाहत होत्या. “राहू द्या मग,” एवढंच म्हणाल्या.

“पिना टोचतीन मायले,” लिलाबाईनं मला बजावलं. “पदर शिवूनच आनजा.”

चारपैकी दोन मॅक्स्यांना पदर शिवून झाले. डोळे दुखतात. वहीत तरी खरं लिहावं: त्या जेवल्या याचं समाधान आहेच, पण त्या घरी परत येणार नाहीत, याचं त्याहून जास्त.