लॅपटॉपला पसंत न पडलेले चेहरे

आमच्या ऑफिसात लॅपटॉपचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. सोमवारचा विसरावा, तर मंगळवारी दुसरा हजर! कामणला एका गोदामाच्या ऑफिसात मी डिस्पॅच बघते. मागच्या वर्षी आमचे मॅनेजर सावंतसाहेब यांनी फर्मान काढलं, "पासवर्ड बंद. यापुढे तुमचा चेहरा हाच पासवर्ड." हजेरीही त्याच लॉगिनवर. लॅपटॉप उघडला नाही, की माणूस गैरहजर!

*

पहिला मान राऊतकाकांचा. काका आमचे स्टोअरकीपर. होळी गावाहून येतात, घरची केळीची वाडी आहे. गोदामात लॅपटॉप म्हणाला, "उजेड कमी आहे." काका तो उचलून अंगणात गेले. तिथे म्हणतो, "उजेड फार आहे." शेवटी शटरखाली, अर्धे उन्हात नि अर्धे सावलीत उभे राहिले, तेव्हा कुठे उघडला. एकोणतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने अशी कवायत करायची!

*

मी नवा चष्मा केला. झालं, लॅपटॉपने ओळख सोडली. आयटीवाल्याला फोन लावला.

"मॅडम, जुना चष्मा घालून लॉगिन करा ना."

"अहो, जुन्याने दिसत असतं तर नवा कशाला केला असता?"

"मग दोन्ही आणत जा."

आता पर्समध्ये दोन चष्मे. एक त्याला मी दिसावी म्हणून, एक मला तो दिसावा म्हणून!

*

माझ्या शेजारच्या संगीताचं उलटंच. तिला नालासोपाऱ्याला घरी पळायची घाई. ती लॅपटॉप लॉक करते, उठते, आणि चेहरा समोर दिसला रे दिसला की तो परत उघडतो! एकदा वैतागून ती टेबलाखालून रांगत निघाली. नेमके साहेब आले.

"काय शोधताय?"

"काही नाही सर, ह्याच्यापासून लपतेय!"

*

मग साहेबांचीच दाढ सुजली. गाल भोपळ्याएवढा. लॅपटॉप उघडेना, बाहेर ट्रक खोळंबलेले. आग्नेल ड्रायव्हर दारातून ओरडला, "साहेब, तो तुमालाच वळखत नाय, मंग आमचा गेटपास कोन देनार?"

साहेब गाल धरून म्हणाले, "टेक्नॉलॉजीला जरा वेळ द्या!"

*

पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती यंदा. राऊतकाकांचे वडील वारले. शेवटपर्यंत वाडीत राबलेला माणूस. तेरावं आटोपून काका कामावर आले. मुंडण केलेलं, मिशी उतरवलेली, चेहरा पार ओढलेला. लॅपटॉप म्हणाला, "ओळख पटली नाही." तीनदा.

आयटीवाला फोनवर म्हणतो, "केस आल्यावर ट्राय करा. तोवर गैरहजर दाखवेल."

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. काका मागून आले.

"साहेब, गेटवरच्या वॉचमनने लांबून ओळखून हात जोडले ह्यांना! आणि हे डबडं ओळखत नाही?"

साहेब गडबडले. "हो, पण सिस्टीम आहे ना... काका, तुम्ही एक अर्ज द्या. कारण लिहा, मी वर पाठवतो."

काकांनी कागद ओढला, उभ्याउभ्याच एक ओळ लिहिली, सही केली आणि स्टोअरमध्ये निघून गेले.

साहेबांनी ती वाचली. मग स्वतः फोन उचलला, "सगळ्यांचे पासवर्ड आजच्या आज चालू करा."

कागद टेबलावर तसाच होता. मी वाचला.

"वडील माझे वारले. मी अजून आहे."