गंधमुक्तीची पत्रिका

पारोळ्याच्या बाजारपेठेत मेघाताईंचं पत्रिका छापायचं दुकान आहे. बाईंचा हात भराभर चालतो आणि तोंड त्याहून भराभर. लग्नपत्रिकेत राहून गेलेल्या मामाचं नाव आयत्या वेळी घुसडायला कुणी आला, तर त्याची अशी काही हजेरी घेतात की तो मामाला विसरून घरी जातो. फक्त त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे त्यांची मात्रा चालत नाही. तो आपल्याच चालीनं सुरू होतो.

त्या सकाळी लोटनआबा आले. आबांची बायको वारली होती. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी भाऊबंद, सोयरे जमणार, त्यांना पत्रिका पाठवायला हवी. मेघाताईंनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि सवयीनं विचारलं, "नाव सांगा, आबा."

"भूषणनी माय."

"तसं नव्हे. भूषणच्या आईचं स्वतःचं नाव."

आबा टोपी काढून हातात फिरवत बसले. त्यांच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे कितीतरी नवरेही बायकोचं घेत नसत. पण नावाशिवाय पत्रिका निघायची कशी? 'मग पोराला पाठवा' हे वाक्य मेघाताईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

"आते काय करी राह्यना हाऊ?" आबांनी पडद्याकडे बोट केलं. काळ्यावर पांढरी अक्षरं सरकत होती.

"हातपाय चाचपून बघतोय, आबा. सगळं जागेवर आहे ना ते."

अक्षरं गेली, कंपनीचं चिन्ह आलं. खाली ठिपके गोल फिरू लागले.

"आन् आते?"

"उठतोय. पण गरगरतंय अजून त्याला."

आबांना हसू आलं. "मनी घरनीबी अशीच उठे. पहिले गुडघा धरे, मंग भीत धरे, मंग पदर सवारे. आन् मी खाटवरतून वरडू, चहा कव्हय करशी?" हसू तिथंच विरलं. डोळे भरून आले.

पडद्यावर 'स्वागत' झळकलं, मग निळ्या पडद्यावर एकेक चित्र उमटलं. मेघाताईंनी पत्रिकेचा नमुना उघडला. 'कै. सौ.' पुढची जागा रिकामी होती, तिथं बारीक रेघ लुकलुकत होती. त्यांनी हात मांडीवर ठेवून वाट पाहिली. गप्प बसणं त्यांना किती जड जातं, हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे.

"भिकुबाई," आबा म्हणाले. शेजारी कुणी निजलं असावं, इतकं हळू.

मेघाताईंनी नाव टाइप केलं.

"जलमभर नाव लिसन हाक मारी नही मी," आबा म्हणाले. "आते मारी, तं ऐकाले ती नही."

नाव पडद्यावर ठसठशीत दिसत होतं. मेघाताईंनी खुर्ची आबांकडे वळवून पडदा पाठीनं झाकला.

"आबा," त्या म्हणाल्या, "मला नीट ऐकू आलं नाही. परत एकदा सांगता?"

या वेळी आबांनी मोठ्यानं सांगितलं.