चार नंबर बोगद्याची डावी भिंत

आमच्या डोंगरातून रेल्वे जायची होती. बोगदे खणून झाले, पूल बांधून झाले, स्टेशनांच्या भिंतींना चुनासुद्धा लागला. मग लढाई पेटली, पैसे संपले आणि गाडी काही आलीच नाही. एकही नाही. साठ-पासष्ट वर्षं त्या वाटेनं शेळ्या, खेचरं आणि ऑलिव्हच्या गोण्या गेल्या. नंतर कुणाच्या तरी डोक्यात आलं की इथून सायकली जाऊ शकतात. बारीक खडी पसरली, बोगद्यात उन्हावर चालणारे दिवे लावले, मोटारींना बंदी घातली, आणि आता हॉलंड-जर्मनीची माणसं घरचा चांगला रस्ता सोडून इथे घाम गाळायला येतात. घाम तरी कसला, रेल्वेसाठी केलेली वाट, चढ जाणवतही नाही. सायकलवाले सोडले तर दिवसभर चालूनही गिधाडांशिवाय कुणी भेटत नाही. मी पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचो, आता स्टेशनात सायकली भाड्यानं देतो. तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. तरी करतो.

स्टेशनाच्या वरच्या अंगाला कासिल्दा मावशीचं घर. गावात सगळेच तिला मावशी म्हणतात, तिच्याहून थोरलेसुद्धा. वय सदुसष्ट, बुटकी, एका गुडघ्यानं कामातून गेलेली, एकवीस शेळ्यांची मालकीण. लग्न का केलं नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं.

"आला होता की एक जण," ती म्हणाली. "शेळ्यांचा वास येतो म्हणाला. म्हटलं, मग तू जा बाबा. तुझ्यासाठी एवढ्या जणींना आंघोळ कोण घालणार?"

सकाळी सात वाजता ती शेळ्या घेऊन चार नंबरच्या बोगद्यातून खाली नदीकाठच्या कुरणात जायची आणि संध्याकाळी त्याच वाटेनं वर यायची. बोगदा नसेल तर डोंगर चढून पलीकडे उतरायचं. त्या गुडघ्याला ते जमणार नव्हतं.

हा बोगदा वाकडा आहे. मधली शंभरेक पावलं दोन्हीकडचा उजेड पोचत नाही. म्हणून आमच्या जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती: जाताना असो की येताना, आपला डावा हात भिंतीला. समोरून येणाराही त्याच्या डाव्या भिंतीला असतो, त्यामुळे टक्कर होत नाही. हे आम्ही चालायला शिकतानाच शिकलो. शेळ्याही शिकल्या. मावशीचं त्यात आणखी एक होतं. तिचे वडील एलियास अठराव्या वर्षी हाच बोगदा खणायला होते. ऐन मधे, छातीच्या उंचीवर, त्यांनी आपला दिवा ठेवायला दगडात मूठभर खोबण कोरली होती. खाली जाताना ती डाव्या हाताला येते. ते जाऊन तीस वर्षं झाली, पण मावशी रोज सकाळी त्या खोबणीत हात घालायची. कुरणात उशिरा पोचली तर सांगायची, "बाबांशी बोलत होते."

सायकलवाले मात्र रस्त्याच्या नियमानं आपल्या उजवीकडून येतात. खाली जाणाऱ्या मावशीची डावी भिंत आणि वर येणाऱ्या सायकलवाल्याची उजवी भिंत एकच. हा हिशेब आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. दोन वर्षं दिवे चालू होते म्हणून निभावलं. मग मे महिन्यात आभाळ भरून आलं, दिवे मंदावले, आणि हॉलंडचा एक भला माणूस सायकलसकट शेळ्यांत घुसला. त्याचा खांदा निखळला. मावशीनं त्याला हाताला धरून बाहेर आणलं, चीज खाऊ घातलं. त्यानं तक्रार केली नाही, पण दवाखान्यातून कागद वर गेलाच.

आठवड्यानं वाटेची देखभाल पाहणारे किरोससाहेब आले. तरुण माणूस, शर्टाला इस्त्री.

"मावशी, शेळ्यांना आता बोगदा बंद."

"त्यांना सांग की. माझं कुठे ऐकतात?"

"थट्टा नाही करत मी."

"मीही नाही. बोगदा बंद केलास तर मला त्या विकाव्या लागतील. मग मी दिवसभर काय करू, याच्या सायकली पुसू?" तिनं काठीनं माझ्याकडे दाखवलं. त्यात मला हसण्यासारखं काही वाटलं नाही.

साहेबांनी बराच वेळ कपाळ चोळलं. "उजवीकडून चालवता आल्या तर बघतो. महिन्यानं मी स्वतः खालून सायकलवर येईन. शेळ्या माझ्या बाजूच्या भिंतीला दिसल्या तर विषय संपला."

साहेब गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, म्हाताऱ्या शेळीला नवी भिंत शिकवणार? खुळी की काय तू?"

"म्हातारी कुणाला म्हणालास?"

पहिल्यांदा तिनं मिठाचं पाणी करून चुन्याच्या कुंचल्यानं उजव्या भिंतीला फासलं. सकाळी शेळ्या भिंत चाटत अगदी शहाण्यासारख्या उजवीकडून गेल्या. संध्याकाळी तीच भिंत डावीकडे आली आणि तिथेही त्या तशाच चाटत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी बादल्या भरभरून भिंत धुतली. धुतली मी. मग तिनं साधी युक्ती केली. पुढे चालणारी, गळ्यात घंटा असलेली मार्केसा तेवढी धरली. ती उजवीकडे असली की तळहातावर मिठाचा खडा, डावीकडे गेली की काही नाही. समोरून येणारा सायकलवाला रोज मीच. तीन आठवड्यांत मार्केसा कधी चुकेनाशी झाली, आणि बाकीच्या तिच्या मागे. मावशी दोरी धरून बरोबर असायची, त्यामुळे तिच्याकडे लक्ष द्यायचं कुणाला सुचलंच नाही.

साहेब यायच्या आधी चार दिवस ऊन पडलं नव्हतं. ते यायचे त्या सकाळी बोगद्याच्या तोंडाशी मावशीनं मार्केसाची दोरी सोडली आणि मला सायकलचा दिवा बंद करायला लावला.

"परीक्षा त्यांची आहे. तू मधे मधे करू नकोस."

मी सायकल हातात धरून मागून चालत होतो. मधे पोचलो तेव्हा वरचे दिवे पार गेले. काळोखात मार्केसाची घंटा ऐकू येत होती, उजवीकडून, एका चालीत. मला हायसं वाटलं. तेवढ्यात वळणावरून साहेबांच्या सायकलचा दिवा आला, ब्रेक किंचाळले आणि साहेब खडीवर आडवे झाले.

पडलेल्या दिव्याच्या उजेडात सगळं दिसलं. उजव्या भिंतीनं एकवीस शेळ्या ओळीत चालल्या होत्या. आणि साहेबांच्या वाटेत, डाव्या भिंतीला टेकून, मावशी उभी होती. तिचा हात खोबणीत होता.

"लागलं का रे पोरा?" ती म्हणाली. "त्या शिकल्या. मीच राहिले. अंधार झाला की हात आपोआप इकडे येतो."

साहेब गुडघा झटकत उठले. "काय आहे तिथे?"

"बाबा."

मी त्यांना दोन वाक्यांत खोबणीचं सांगितलं. त्यांनी दिवा उचलून आत पाहिलं. काजळी अजून होती. मला वाटलं, आता हा माणूस कागद काढणार.

"शेळ्या उजवीकडून चालतात, असं मी लिहितो," ते म्हणाले. "पण तुम्हीही चालायला हवं, मावशी. दुसरा कुणी माझ्याएवढा हळू येणार नाही."

"कळतंय मला."

"आणि परत येताना हीच भिंत तुमच्या उजवीकडे असेल."

मावशीनं वरच्या तोंडाकडे वळून पाहिलं. आयुष्यभर त्या बोगद्यातून गेली, पण संध्याकाळी ती भिंत नेहमी पलीकडे राहायची. मलाही हे सुचलं नव्हतं. शेळ्यांची घंटा लांब गेली होती.

"म्हणजे सकाळी नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी."

"हो."

"चालेल. बाबा कामावरून संध्याकाळीच घरी यायचे."

तिनं खोबणीतून हात काढला, काठी डाव्या हातात घेतली, आणि वाट ओलांडून उजव्या भिंतीनं शेळ्यांच्या मागे चालू लागली.